थांबाबाईंनी थांबवलेली शर्यत

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या प्रशिक्षण केंद्राचे संचालक महोदय. प्रमुख पाहुण्या, ज्यांचं नाव धावण्याच्या जगात सगळे आदरानं घेतात आणि ज्यांना मी आजही चिमणीच म्हणते. पहिल्या रांगेत बसलेले आमचे मोठे सर, ज्यांनी मला पळायला शिकवलं. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या डॉक्टर, आणि त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेले त्यांचे यजमान. समोरचे सर्व खेळाडू, पालक, आणि मागच्या दाराशी हात पुसत उभे असलेले स्वयंपाकघरातले सहकारी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माईकवाल्या दादांनी मला एका जागी उभं राहायला सांगितलंय. मी प्रयत्न करते. धावणाऱ्या माणसाला उभं करून बोलायला लावणं ही शिक्षाच आहे. त्यातून गेले तीन-चार दिवस मला कुठंच स्वस्थ बसवत नाही. जेवायला बसले की उठावंसं वाटतं, उठले की का उठले ते आठवत नाही. त्याचं कारण मी सांगणार आहे. खरं तर तेवढ्यासाठीच बोलायला उभी राहिले आहे.

डॉक्टरांना आपल्याकडे 'थांबाबाई' म्हणतात. डॉक्टर, तुम्हाला हे माहीत नव्हतं असं कृपा करून दाखवू नका. गुडघा दुखतोय? थांबा. ताप येऊन गेला? थांबा. इथल्या प्रत्येक मुलीनं त्यांच्या खोलीबाहेर येऊन एकदा तरी दात-ओठ खाल्ले असतील. नवीन मुलींना वाटतं, या बाईंचं आमच्याशी काय वाकडं आहे? मलाही वाटायचं. त्यांनी थांबवलेल्यांमध्ये माझा नंबर फार वरचा आहे.

क्रॉस कंट्रीची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती. पालकांपैकी काहींना कल्पना नसेल म्हणून सांगते. या शर्यतीला आखीव धावपट्टी नसते. माळ, चिखल, चढ, मध्येच ओढा, जे वाटेत येईल ते तुडवत पळायचं. एका देशाच्या सहा जणी धावतात, त्यातल्या पुढच्या चौघींचे क्रमांक मोजतात, आणि बेरीज जितकी कमी तितका संघ वर. त्या वर्षी आमचा संघ असा जमला होता की पदकाचं स्वप्न उघडपणे बोलायला कुणाला लाज वाटत नव्हती. आणि संघात सगळ्यात पुढं मी असायची. हे फुशारकीनं सांगत नाही. मोठे सर मान हलवताहेत, बघा.

माझी डावी नडगी त्याआधी दोन आठवडे दुखत होती. कुणाला म्हणजे कुणाला कळू दिलं नव्हतं. लंगडायचं नाही, हे मी अंगी बाणवलं होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो तिथला जिना मी उतरत होते. खाली डॉक्टर चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "वर जा आणि परत उतर."

मी परत उतरले.

"आता माझ्या खोलीत चल."

खोलीत त्यांनी माझ्या नडगीवरून अंगठा वरून खाली फिरवत नेला. एका जागी आल्यावर मी श्वास धरला. मी ओरडले नव्हते, फक्त श्वास धरला होता. त्या म्हणाल्या, "हाडाला चीर असावी. उद्या तू पळायचं नाहीस."

"असावी म्हणजे? नक्की आहे का?"

"नक्की सांगायला इथं यंत्र नाही. पण मी तुला पळू देणार नाही."

मोठे सर आले. सरांनी आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. ते म्हणाले, "डॉक्टर, एक शर्यत आहे. परत गेल्यावर तिला महिनाभर झोपवून ठेवा, मी हूं की चूं करणार नाही." डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही नाही करणार हो, पण हाड करेल." एवढं बोलून त्यांनी सही करायला नकार दिला, आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय मला सुरुवातीच्या रेषेपर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं.

माझ्या जागी राखीव म्हणून आलेली चिमणी धावणार होती. तेव्हा ती एवढीशी होती. तिला सांगितलं तर ती खूश व्हायच्या ऐवजी न्हाणीघरात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? बाकीच्या अंग गरम करायला लागल्या तशी मीही त्यांच्याबरोबर हातपाय झटकत राहिले. आपण पळणार नाही हे माझ्या अंगाला कुणी कळवलंच नव्हतं. मग एकेकीनं स्वेटर काढून माझ्या हातात दिला. सहा स्वेटर छातीशी धरून मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या अलीकडे उभी राहिले आणि बार झाला.

चिमणीनं सुरुवातीलाच असा सूर मारला की पहिल्या चढावर ती जगातल्या नामांकित धावपटूंच्या बरोबरीनं दिसायला लागली. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "संपली पोर." तसंच झालं. पुढच्या फेरीत ती मागं पडली, मग आणखी मागं. त्यात आमच्या दोघी चिखलात घसरून पार पिछाडीला गेल्या, म्हणजे चिमणीचा क्रमांक मोजला जाणार हे ठरल्यात जमा होतं. मला राहवेना. स्वेटर तसेच छातीशी धरून मी दोराच्या कडेनं तिच्याबरोबर पळायला लागले. "खांदे खाली घे, पुढचीच्या पाठीकडे बघ," असं काहीबाही ओरडत. आणि माझ्यामागून आणखी एक आवाज येत होता, "पळू नकोस गं, थांब, थांब म्हणते ना." वळून बघितलं तर डॉक्टर आपली औषधांची पेटी घेऊन माझ्यामागं धावत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या सपशेल चिखलात पडल्या. चष्म्यापासून चपलांपर्यंत. मला हसू आलं नाही, आणि सांगायला हरकत नाही, उचलायलाही मी गेले नाही.

आमचा संघ चौथा आला. पदकाच्या एक पायरी खाली. बेरजेत थोडकाच फरक होता. मी एरवी ज्या जागी यायची त्या जागी आले असते तर काय झालं असतं, हा हिशेब मी तिथंच, चिमणीला स्वेटर घालता घालता केला. ती थरथरत होती. म्हणत होती, "ताई, तुमच्या जागेची मी माती केली." मी तिला काहीच उत्तर दिलं नाही.

परत आल्यावर नडगीचं क्ष-किरण चित्र काढलं. हाड शाबूत होतं. नुसती सूज.

ते चित्र हातात घेऊन मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. रस्ताभर वाक्यं घोकली होती. त्यांनी चित्र उजेडासमोर धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चुकलाच माझा अंदाज."

माझी घोकलेली वाक्यं तिथंच अडकली. मला वाटलं होतं त्या वाद घालतील.

"मग आता?" मी विचारलं.

"मी चुकले. तुझी माफी मागते. पण दुसरी कुणी अशी जिना उतरताना दिसली तर तिलाही थांबवीन."

"का? आधी कुणाचं काही वाईट झालंय का तुमच्या हातून?"

"तसं काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुला पदक हवं होतं. सरांना हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं. तुझा पाय हवा असणारं कुणीतरी एक लागतं की नाही? त्या कामासाठी मला नेमलंय. आता बस, पाय दाखव."

मी बसले नाही. दार आपटून निघून गेले.

पुढं मी पुन्हा पळाले. हाडानं कधी दगा दिला नाही. पण निवड चाचणीत माझ्यापेक्षा वेगानं पळणाऱ्या मुली निघाल्या, आणि त्यातली पहिली होती चिमणी. सुरुवातीला हावरेपणा करायचा नाही, हे त्या एका शर्यतीनं तिला शिकवलं होतं. पुढच्या अजिंक्यपदाला तिनं वैयक्तिक पदक आणलं. त्यानंतरचं सगळं तुम्हाला पाठ आहे, तुमच्या खोल्यांच्या भिंतींवर तिचे फोटो आहेत. मला मात्र देशाचं नाव छातीवर लावून धावायची संधी पुन्हा आली नाही. मी याच केंद्रात प्रशिक्षक झाले, डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत. आम्ही भांडलो भरपूर. चहा मात्र एकाच किटलीतला प्यायलो.

एवढ्या वर्षांत लोक मला काय म्हणाले? आई म्हणायची, "त्यातच तुझं भलं होतं." सर म्हणायचे, "तुझ्यामुळं चिमणी मिळाली." वर्तमानपत्रवाल्यांनी तर मी स्वतःहून जागा सोडली असंच लिहून टाकलं. मीही हसून मान डोलवायची आणि घरी येऊन उगाच कपाटं आवरत बसायची. मला वाटायचं, आपण कोत्या मनाचे आहोत. दुसरीचं एवढं सोनं झालं, तरी आपलं मन त्या दोराशीच घुटमळतंय.

चार दिवसांपूर्वी मी डॉक्टरांची खोली आवरायला गेले होते. त्या टेबलावरचा प्लॅस्टरचा पायाचा सांगाडा कागदात गुंडाळत होत्या.

मी म्हटलं, "एक विचारू?"

"विचार बाई. किती वर्षं झाली, दारात येतेस आणि विचारायचं सोडून दुसरंच काहीतरी बोलून जातेस."

"मी त्या दिवशी पळाले असते, तर?"

त्यांनी हातातला सांगाडा टेबलावर ठेवला. "पदक मिळालं असतं," त्या म्हणाल्या. "मीही तेव्हाच बेरीज केली होती. चिखलातून उठले आणि पहिली ती बेरीज केली."

मी म्हटलं, "पण चिमणीचं..."

"चिमणीचं चिमणीपाशी. मी काही तिच्यासाठी तुला थांबवलं नव्हतं, उगाच मला शहाणं करू नकोस. तुझं पदक गेलं आणि ते माझ्यामुळं गेलं. दुसऱ्या कुणाच्या पदकानं ते भरून येत नाही."

मंडळी, मी तपासणीच्या त्या खाटेवर बसले आणि रडले. डॉक्टरांनी मला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं त्या खोकी बांधायचं सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या, आणि मग त्यांच्याही डोळ्यांना पाणी आलं. खोलीत तेवढं टेबल आणि खाट उरली होती, म्हणून आवाज फार मोठा वाटत होता.

तेव्हापासून मी अशी सैरभैर आहे. दुःख झालंय म्हणून नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी माझं नुकसान फायद्यात मोजून दाखवलं. ज्या एका बाईला ते नाकारायची सोय होती, तिनं ते नुकसान म्हणूनच माझ्या हातात दिलं. आता ते कुठं ठेवावं हे मला अजून उमगत नाही. पण ते माझं आहे, आणि त्याबद्दल मला कुणापुढंही लाज बाळगायची नाही, एवढं चार दिवसांत कळलंय.

डॉक्टर, सोमवारपासून तुमच्या खोलीत नवे डॉक्टर बसतील. ते हुशार आहेत, यंत्रंही नवी आलीत. मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागणार आहे. चुकलात तर मुलीला तोंडावर सांगा. बाकीचं आम्ही भांडून बघून घेऊ.

अध्यक्ष महोदयांनी दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोलले, त्याकडे त्यांनी उदार मनानं दुर्लक्ष करावं. आयोजकांचे, आणि इतकं खाजगी बोलणं शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मी आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर मला क्षमा करा. आणि चिमणी, त्या दिवशी स्वेटर घालताना मी तुला उत्तर दिलं नव्हतं, ते आज सगळ्यांसमोर देते. तू माझ्या जागेची माती केली नाहीस. ती जागा त्या दिवशी तुझीच होती, आणि तू ती शेवटपर्यंत धावलीस.

धन्यवाद.