निम्मा करंट

काका : क्लिप हलवू नकोस, पोरी. आकडा बघू दे. वीस अँपिअर. वीसच्या वर जायला तयारच नाही.

चिलुफ्या : चाळीस हवा, काका. वीज दुपारी तीनपर्यंतच आहे, मग रात्रभर बॅटऱ्यांवरच. वीसने बॅटऱ्या निम्म्याच भरतात, आणि काल निम्म्या भरल्या म्हणून तर आईचं ऑक्सिजनचं मशीन पहाटे बंद पडलं. ओठ निळे झाले होते तिचे.

काका : म्हणून तर किट्वेहून धावत आलो ना? बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात. दुसरं काय?

चिलुफ्या : म्हाताऱ्या असत्या तर व्होल्टेज झटकन वर गेलं असतं. गेलंय?

काका : नाही. अजून तहानलेल्याच आहेत.

चिलुफ्या : वायर?

काका : दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज. क्लिपा तर तुझ्यासमोर घासल्या. राहिला हा चार्जरचा डबा. तो तुझ्या बापाने बनवलाय, खाणीच्या भंगारातून.

चिलुफ्या : उघडा.

काका : दादाला पुरून महिना नाही झाला. त्याच्या हातचं काम असं उचकटायचं?

चिलुफ्या : तुमच्या हातातला तो मीटर त्यांचाच आहे. पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी नेलात.

काका : ...लागलं बरं का. दे तो पेचकस. आधी बटण बंद कर.

चिलुफ्या : केलं. काय दिसतंय?

काका : हे दोन पांढरे रेझिस्टर बघ. करंट किती सोडायचा ते हे दोघं मिळून ठरवतात. यातल्या एकाचा पाय वर आहे.

चिलुफ्या : सोल्डर सुटलं?

काका : सुटलेलं नाही. सोडवलंय. पायावर नळी चढवलीय, कुठे टेकू नये म्हणून. एवढी निगुती दादाचीच.

चिलुफ्या : बाबांनी मुद्दाम निम्मा केला? आईच्या मशीनचा?

काका : मला काय विचारतेस?

चिलुफ्या : जोडा.

काका : का केलं ते कळल्याशिवाय नाही. तो उगाच काही करणारा माणूस नव्हता.

चिलुफ्या : का ते सांगायला ते नाहीत. वीज जाईल, काका. जोडा!

काका : ओरडू नकोस, सोल्डर धरू दे. हं, बसला. लाव बटण.

(खट् असा आवाज. पंखा थांबतो. आतल्या खोलीत मशीन बॅटरीवर जाऊन टीं टीं करू लागतं.)

बाना चोंगो : चिलुफ्या! काय चाललंय तुमच्या घरात? मी चुलीवर न्शिमाचं पीठ ढवळतेय आणि अख्ख्या आवाराचा खटका पडला!

चिलुफ्या : बाना चोंगो, आधी आत या.

बाना चोंगो : परत तोच डबा ना? पहिल्यांदा लावला तेव्हाही असंच. आम्ही रांधायची विजेची प्लेट लावली की खटका खाली. केवढी भांडले होते मी तुझ्या बापाशी, साऱ्या आवारासमोर. मग म्हणाले, दुरुस्त केलं. त्यानंतर कधी नाही पडला.

काका : हे बघ दुरुस्त केलेलं. एक पाय वर.

चिलुफ्या : तुमच्या प्लेटा चालाव्यात म्हणून त्यांनी आमचाच करंट निम्मा केला. तेव्हा दिवसभर वीज असायची, निम्म्याने भागायचं. आता नाही भागत.

बाना चोंगो : म्हणजे?

काका : सांग ना, काय करायला हवं ते.

चिलुफ्या : वीज असेल तेवढा वेळ या खटक्यावरच्या तुम्हा चारही घरांनी प्लेट लावायची नाही. कोळशावर रांधायचं. आजच नाही, रोज. कोळसा परवडत नाही कुणाला, ठाऊक आहे मला. पण आई...

बाना चोंगो : टीं टीं करतंय ते तिचंच?

चिलुफ्या : हो.

बाना चोंगो : (दारातून आपल्या घराकडे ओरडत) म्पुंडू! ए म्पुंडू! प्लेटची पिन काढ, शेगडी पेटव! पलीकडच्या तिघींनाही सांग! कुणी कुरकुर केली तर म्हणावं, मी येतेय.

काका : मी खटका वर करून येतो. तू आकड्यावर नजर ठेव.

चिलुफ्या : ...तीस. अडतीस. चाळीस, काका! धरलंय!

बाना चोंगो : आणि ते टीं टीं?

चिलुफ्या : थांबलं.

बाना चोंगो : बसते जरा.

चिलुफ्या : बाबांनी तुम्हाला विचारलंच नाही कधी? प्लेट बंद ठेवाल का म्हणून?

बाना चोंगो : नाही. तेव्हा मी नाहीच म्हटलं असतं गं. ओळखून होते ते मला.