हरलेल्याची सुकेळी

नाही, नाही, तिथेच बसा, ओट्यावर. आत पसारा पडलाय — म्हणजे पसारा काही नाही, खरं सांगते, पण अनोळखी माणसाला हल्ली मी आत घेत नाही. राग मानू नका. स्टॅनी सरांना ओळखत होतो म्हणालात ना? सगळे तेच म्हणतात. पप्पांना मातीत ठेवून आलो त्याच आठवड्यात एकजण आला, फोटोपुढे उभा राहून रडला, अगदी नाक ओढत रडला — मी बावळट, त्याला सरबत करून दिलं — आणि ग्लास खाली ठेवल्याबरोबर विचारतो, मावशी, ही वाडी किती गुंठ्यांची? मावशी! माझ्याच वयाचा असेल मेला. तेव्हा दुधाने तोंड पोळलंय माझं. ताकाला आला असाल तर भांडं लपवू नका. त्या पिशवीत काय आहे? — बरं, राहू दे, नंतर दाखवा. कागदबिगद असतील तर दाखवूच नका.

पप्पांना कॉलेजात सगळेच ओळखायचे, त्यात काय मोठंसं. व्हॉलीबॉलचे सर, गळ्यात कायम शिट्टी. घरीसुद्धा! जेवण वाढलं की शिट्टी, चर्चात मिस्साला उशीर झाला की शिट्टी, आम्ही बहीणभाऊ भांडलो की दोन शिट्ट्या आणि दोघांनाही मैदानाबाहेर — म्हणजे विहिरीकडे, झाडांना पाणी घालायला. मम्मीच्या वाढदिवसाला अख्खी टीम खिडकीखाली आणून उभी केली, बेसूर गायला लावली, आणि वर तिलाच म्हणे, डेल्फिन, पोरं भुकेली आहेत. असा माणूस. सगळ्याची मस्करी. पुरताना पोरांनी शिट्ट्या वाजवल्या तर फादर केवढे रागावले — आणि मला हसू आलं, बापाच्या मातीला हसू आलं मला, विचार करा. तुम्ही होतात तेव्हा? नव्हतात. हं. मला वाटलंच. मी सगळ्यांची तोंडं बघून घेतली होती.

मग कुठल्या सालच्या टीममध्ये होतात? — त्यांच्या टीममध्ये नव्हतात? बरं, राहायला कुठे?

चांदीप.

— नाही, काही नाही. उन्हाने डोळे दिपले. चांदीप म्हणालात ना? जरा इकडे सरका बघू, उजेडात. मान वळवा. नाकावरून काही कळत नाही म्हणा, नाकं काय सारखी असतातच लोकांची. वय काय तुमचं? वडील आहेत? — लहानपणीच वारले. आणि आई? एकटीनेच वाढवलं. असं, असं. हे बघा गंगाराम — गंगारामच ना? — मी स्पष्ट बोलते. वाडीत हिस्सा मागायला आला असाल तर आत्ताच सांगा. भावाला कॅनडात फोन लावते, तो बोलेल. पण ओट्यावर बसून गोड बोलायचं आणि मग हळूच सांगायचं की मी पण सरांचाच — ते मला चालणार नाही. सहन होणार नाही मला.

काय म्हणजे काय? सगळ्या गावाला माहीत आहे! आमच्या शेजारची फ्लॉसी एका लग्नाला गेली होती तिकडे, तिने डोळ्यांनी पाहिलं — स्टॅनी सर एका बाईच्या अंगणात मांडी घालून जेवतायत, बाई वाढतेय, आणि हे खदाखदा हसतायत. आली ती तडक मम्मीकडे. वर खिशात एस्टीचं तिकीट सापडलं, चांदीपचंच. आणि सुकेळी गायब! मम्मी राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, दिवसभर कावळे हाकत बसायची, मग सुक्या पानात गुंडाळून पुड्या बांधायची — त्यातली चांगली पुडी गायब. पप्पांचा नियम होता ना, सुकेळी हरलेल्यांना. सामना संपला की जिंकलेल्याने पुडी सोडायची, हरलेल्याच्या हातावर ठेवायची. पण त्या वर्षी तर आमचं कॉलेज फायनल जिंकलं होतं! सगळे सामने जिंकलेले! मग हरलेलं होतं कोण? मम्मीने तेच विचारलं. तर पप्पा म्हणाले, हरलेल्याकडे गेलो होतो, तो जेवला, मग मी जेवलो. आणि हसले. मम्मीने आमटीचा डाव फेकला हातातला. पुन्हा तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षापासून सुकेळी वाळत घालणं बंद. राजेळीचे घड झाडावर पिकून गळायचे, पण नाही म्हणजे नाही. एका घरात राहून मम्मी मरेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतं बोलली — पाणी तापलंय, दार लावा, फादर आलेत. आणि पप्पा तरीही शिट्टी वाजवायचे जेवताना. ती उठायची नाही.

आता हे मी तुम्हाला का सांगतेय? परक्या माणसाला! तुम्हीच बोला की काहीतरी.

— कुठल्या कॉलेजकडून? म्हणजे समोरच्या टीममध्ये? फायनलला?

शेवटची सर्व्हिस जाळ्यात मारलीत. बरं, मग? — मागच्या दाराने पळालात. सुकेळी न घेता. हो, पण पप्पांचा तो नियम काय, वसईत कुणीही सांगेल, त्यावर मी विश्वास ठेवायचा? आणि दुसऱ्या दिवशी पप्पा तुमच्या घरी, असंच ना? छान रचलंय. रविवार होता म्हणता? कॉलेजला सुट्टी, म्हणून घरीच होतात. आणि पप्पा —

काय म्हणालात? पुन्हा सांगा.

सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. हरलेल्याने खाल्ल्याशिवाय जिंकलेल्याने जेवायचं नाही, असं म्हणाले तुमच्या आईला? हे — हे कुणाला माहीत नाही. हे फक्त आमच्या घरात, कॅरम खेळताना. लहानपणी मी हरून रुसले की सगळ्यांची ताटं थांबायची माझ्यापायी. त्या रविवारी मम्मीने मटणाचं इंदाळ केलं होतं, फायनल जिंकली म्हणून. पप्पा ताटावर बसले आणि उठले. म्हणाले, अजून एकजण उपाशी आहे गं डेल्फिन. आम्हाला वाटलं, झाली यांची मस्करी सुरू. मम्मी तर हसली पण.

तुम्ही पुडी खाल्लीत, आणि मग तुमच्या आईने त्यांना भाकरी वाढली. अंगणात. आणि तुम्ही कुठे होता? — पडवीत, रडत. म्हणून फ्लॉसीला दिसलाच नाहीत.

खरं सांगितलं होतं हो त्यांनी! जसं घडलं तसं सांगितलं होतं. पण जन्मभर मस्करी करणाऱ्याचं खरं कोण ऐकतं? मम्मीने नाही ऐकलं. मीही नाही. शेवटी दवाखान्यात त्यांचे पाय चेपताना माझ्या मनात काय होतं, माहितीय? चांदीप. पाय चेपत होते आणि मनात चांदीप.

नको, पाणी नको मला. त्या पिशवीत तेच आहे ना? आगाशीच्या बाजारातली? पान दिसतंय वरून. मग बोलला का नाहीस मघाशी, मी इतकी तोंड सोडून बसले होते तर! — हो रे, मीच बोलू दिलं नाही.

मला कशाला देतोस तशीच? नियम विसरलास? तूच सोडायची. जिंकलेल्याने सोडायची. सोड. हां — आता दे, हातावर ठेव.

जा आता तू. मी खाते, पण तू बघत बसू नकोस. आईला सांग, सरांची मुलगी आग्नेस येऊन जाईल. आणि फाटक नीट लाव, बकऱ्या शिरतात आत. जा म्हटलं ना.