माह्या पत्त्यात भूत नाई!

...अन् मेणबत्त्या कायले पाहिजेत, मले हे सांगा! ट्यूबलाईट काय मेली हाय का? पण नाई! पिच्चरमंदी टॅरोवाली बाई दिसली रे दिसली का आधी लाईट जाते, मंग ढग गडगडतात, खिडकी धाडधाड आपटते, अन् ते बाई काळ्या साडीत, केस मोकळे, नखं हे एवढे... अवं, इतक्या नखायनं पत्ते पिसता तरी येतात का? अन् पत्ता उलटला का भूत हजर! मी म्हणतो, भुताले दुसरे कामधंदे नाईत का?

तुमाले सांगतो, मी सत्यवती, राहणार अमरावती, मी सोता टॅरो पाहतो, म्हणजे पत्ते काढून पुढचं सांगतो. हसू नका! सुनेनं शिकवलं मले. आमची आचल, मोठी गुणाची पोरगी, तिनं माह्या वाढदिवसाले हे पत्ते मागवून देले. म्हणे, "आई, तुमी दिवसभर शेजारणीयले सल्लेच देता, मंग पत्ते घेऊनच द्या न." मंग मी मोबाईलवर पाहून पाहून शिकली. समोरच्या खोलीत बसतो, कूलर चालू, बाजूले मेथी निवडाची परात. बाया येतात. कोणाच्या पोराले नीटच्या परीक्षेची भीती, कोणाच्या नवऱ्याची बदली अडकली. मी पत्ता काढतो, त्या बोलतात, रडतात, चहा पेतात, हलक्या होऊन घरी जातात. पत्ता उडलाच तं कूलरनं उडते! आजपर्यंत एकही भूत आलं नाई. अन् आलं असतं तं त्यालेबी मेथी निवडाले बसवलं असतं.

पण पिच्चरवाल्यायले हे कोण सांगन?

झालं काय, आचलले दिवस गेले. घरात आनंदीआनंद! अन् तेवढ्यात आमच्या ईनबाईनं, म्हणजे आचलच्या मायनं, मनकर्णाबाईनं, अकोल्याले टीव्हीवर एक भुताचा पिच्चर पाह्यला. त्यात पत्त्यातून हडळ निघते अन् थेट पोटुशा बाईच्या मांगं लागते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मनकर्णाबाई दारात! श्वास वर, आवाज खाली...

"ईनबाई, ते पत्ते फेका. नाई तं मी माह्या पोरीले घेऊन जातो."

मी म्हणलं, "अवं, चौथा तं महिना! सातव्यात न्या न रीतीनं, साडीचोळी करतो मी."

"नाई नाई. त्या पत्त्यात सांगाडा हाय घोड्यावर बसलेला. मी पाह्यला."

आता तो घोडेवाला पत्ता! तुमाले सांगतो, त्या बिचाऱ्या सांगाड्याइतकं बदनाम कोणी नसन. त्याचा अर्थ इतकाच का बाप्पा, जुनं सरलं, नवं सुरू झालं. मांगं सूर्य बी उगवून राहिला न चित्रात! पण पिच्चरवाल्याले सूर्य दिसतच नाई. सांगाडा दिसला का रक्ताच्या उलट्या! मी म्हणलं, "ईनबाई, भुताले दुसरे कामधंदे नाईत का? अकोल्याहून अमरावतीले येईन, माह्या सुनेसाठी?" पण ऐकतीन तं त्या मनकर्णाबाई कायच्या! मोठ्या मुश्किलीनं एक महिन्याची मुदत देली.

अन् देव पाहा कसा पावते... म्हणजे मले तवा वाटलं का पावला. तिकडं बडनेरा रोडवर, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगमंदी पिच्चरची शूटिंग आली. भुताचा पिच्चर, अन् तोबी टॅरोचा! त्यायले पत्त्यायची माहिती असलेली बाई पाहिजे होती. मी म्हणलं, सत्यवती, हाच मौका! एक डाव पिच्चरमंदी खरं दाखवलं, का ईनबाईची भीती गेली, आचल घरी राह्यली.

गेली मी. डब्यात पातोडी अन् भाकरी घेऊन गेली, पिशवीत माहे पत्ते. डायरेक्टर पुण्याचा, शेखर सर. गोड बोलणारा मनुष्य. "या ना मावशी, बसा ना मावशी, तुमचं मार्गदर्शन आम्हाला फार मोलाचं आहे हं." अन् पाच मिनिटांत मार्गदर्शन सुरू!

मी म्हणलं, "आधी लाईट लावा. अंधारात पत्ता दिसन कसा?"

"मावशी, अंधारच हवाय."

"बरं, हे कवटी कायले ठेवली टेबलावर?"

"मावशी, वातावरण."

"अन् हिरोईन रक्त काहून वकून राहिली?"

"तिला मृत्यूचा पत्ता आला ना, मावशी."

मी त्याले सगळं समजावलं. जुनं सरलं, नवं आलं, मांगं सूर्य, सगळं! तो मान हालवते, हालवते, अन् म्हणते, "किती छान! पण मावशी, नव्या सुरुवातीला प्रेक्षक घाबरेल का?"

अरे, पण त्यायले घाबरवाचं कायले? तुमाले सांगतो, इथं माणूस पेट्रोलच्या भावाले घाबरते, पोराच्या निकालाले घाबरते, बीपीच्या मशीनले घाबरते... अन् हे वरून पत्त्याले घाबरवतात! भुताले तं नाईच, या लोकायलेच दुसरे कामधंदे नाईत!

तरी मी तिथंच बसली. आचलसाठी बसली. पण मंग आला जाळाचा सीन. पत्ते आपोआप पेट घेतात म्हणे! आता त्यायचे पत्ते होते प्लास्टिकचे. पेटले नाईत, नुसते वाकडे झाले अन् वास सुटला. तं त्यातल्या एका शहाण्यानं काय करावं? माही पिशवी उघडली! माहे पत्ते काढले! माह्या सुनेनं देलेले! अन् काडी लावली!

माह्या अंगाची जे लाहीलाही झाली न बाप्पा! मी उठली ते सरळ त्या जाळात! पदर कुठं, चप्पल कुठं, अंबाड्याचा काटा निघाला, केस तोंडावर, अन् जोरात वरडली, "हात लावशीन तं हात मोडून ठेवीन! एकाचंबी भलं नाई व्हायचं! वाटोळं होईन तुमचं, वाटोळं!"

कॅमेरा तसाच चालू. आग विझली, तीन पत्ते गेले. मले वाटलं, आता हाकलतात. तं शेखर सर पळत आले, डोळ्यात पाणी, अन् माहे हात धरून म्हणतात कसे, "मावशी, अप्रतिम! हेच... हेच मला हवं होतं!"

मी म्हणलं, चला! पटलं याले! उशिरा का होईना, पत्त्यायची किंमत कळली माणसाले!

घरी येऊन आधी अकोल्याले फोन. "ईनबाई, मुदत जरा वाढवा, आता पिच्चरच पाहा तुमी. सगळं खरं खरं दाखवतीन." अन् दीडच महिन्यात पिच्चर लागला तशी मी सगळ्यायले घेऊन गेली. आमचे हे, म्हणजे नत्थुजी, आचल, माहा पोरगा नितेश, गल्लीतल्या बाया, अन् माह्या बाजूच्या खुर्चीत खास मनकर्णाबाई. मी त्यायच्या हातात चिवडा देला. म्हणलं, निवांत पाहा.

मध्यंतरापर्यंत मी दिसली नाई. मंग हिरोईननं तो घोडेवाला पत्ता काढला. लाईट गेली. ढग गडगडले. पत्ते पेटले... अन् त्या जाळातून कोण आलं?

मी!

तोंड हिरवं केलं माहं! डोळे लाल! आवाज असा खोल खोल, विहिरीतून आल्यावानी... "वाटोळंऽऽऽ होईनऽऽऽ तुमचंऽऽऽ!" अख्खं थेटर किंचाळलं. ईनबाईनं किंकाळी मारली, डोळे मिटले, माहा हात घट्ट धरला, अन् आधारासाठी माह्याकडं पाह्यलं... तं काय? पडद्यावरबी मी, बाजूच्या खुर्चीतबी मी, अन् चिवडा खाऊन राहिली!

ज्या पळाल्या न मनकर्णाबाई! एक चप्पल थेटरात, एक जिन्यात! आचल तिकडं पोट धरून हसून राहिली, मी म्हणतो, "अवं, हळू हस, पोटात लेकरू हाय!" अन् आमचे नत्थुजी? टाळ्या वाजवत होते. वरून म्हणतात, "आवाज मातर हुबेहूब घरच्यावानी आला!"

संध्याकाळच्या गाडीनं आचल अकोल्याले गेली. म्हणजे नेलीच. जातानी माह्या पाया पडली, म्हणे, "आई, चार दिवसात मायचा राग उतरन." कायचे चार दिवस! पंधरा झाले. खोटं कायले सांगू, घर खायले उठलं मले. बाया अजूनबी येतात, पण पत्ते पाहाले नाई, सेल्फी काढाले येतात. "मावशी, एक डाव ते वाटोळंवालं बोला न!" अरे, मी भूत नाई म्हणून सांगाले गेली होती, अन् अख्ख्या जिल्ह्याचं भूत होऊन आली! भुताले दुसरे कामधंदे... जाऊ द्या. आता मी कोणत्या तोंडानं विचारू?

अन् परवा ईनबाईचा फोन आला. आवाज बारीक. "ईनबाई, आचल घासच घेऊन नाई राहिली. डॉक्टरीन रागावली, वजन वाढून नाई राहिलं म्हणे. माहं तं ऐकतच नाई... तुमी जरा बोलता का तिच्याशी?"

"बोलतो न, द्या फोन."

"तसं नाई. ते... थेटरातल्यासारखं."

ऐका! ज्या बाईनं मले चेटकीण म्हणून माही सून नेली, तेच बाई चेटकिणीले बोलावून राहिली! माह्या मनात आलं, फोन आपटावा. पण मंग डोळ्यापुढं ते लेकरू आलं. उपाशी. मी फोन तोंडाजवय धरला, श्वास घेतला, अन् देली ठेवून, "आचल! ताट सोडून उठशीन तं वाटोळंऽऽऽ होईनऽऽऽ!"

तिकडून आधी हसू आलं, अन् मंग ताट पुढ्यात ओढल्याचा आवाज. माहं काळीज असं भरून आलं का काय सांगू.

आता रोज दुपारी हेच चालू हाय. मी इकडून वरडतो, आचल तिकडं हसत हसत दोन भाकरी खाते. अन् बाजूले बसून आमच्या ईनबाई चूपचाप तीन खातात... अन् त्यायले तं मी काहीच म्हणलं नाई!