उतारावर गियर न काढायला शिकवणारे मास्तर

आदरणीय अध्यक्ष, आमचे डेपो मॅनेजर साहेब. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणारे आमचे प्रशिक्षक, ज्यांना सगळा डेपो मास्तर म्हणतो. पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी. आणि ड्यूटी बदलून आलेल्या माझ्या चालक-वाहक मित्रांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी गाडी कधी वेळेत पोचत नाही हे साहेब जाणतात, तेव्हा थोडं सांभाळून घ्यावं.

मास्तरांनी तेवीस वर्षं आम्हाला काय शिकवलं? पुढे सिग्नल लाल दिसला, उतार लागला, की रेसवरून पाय काढा, पण गियर काढू नका. गियरमध्ये असलं की चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल जवळजवळ बंद होतं आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केलीत तर इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच, वर सगळा भार ब्रेकवर. आम्ही माना डोलवायचो आणि उतार लागला की खुशाल न्यूट्रल करायचो. इंजिनाचा आवाज बसला की डिझेल वाचल्यासारखं वाटायचं. सगळ्यात जास्त मीच करायचो, आणि बढाया मारायचो.

गेल्या महिन्यात विजेच्या बस आल्या. मास्तर माझ्या शेजारी बसले होते. उतारावर मी पाय उचलला, तशी मोटर उलट वीज बनवू लागली आणि बॅटरीचा काटा वर सरकला. डेपोत पोचल्यावर ब्रेकला हात लावून बघ, म्हणाले, गार असतील. मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "ही गाडी तेव्हा असती तर."

तेव्हा म्हणजे नऊ वर्षांपूर्वी. नव्या लोकांसाठी सांगतो. मास्तरांचा एकुलता एक मुलगा याच डेपोत चालक होता. वर्कशॉपमधून रिकामी बस आणताना मोठ्या उतारावर त्याचे ब्रेक तापून निकामी झाले. गाडी न्यूट्रलमध्ये सापडली. तो वाचला नाही.

त्यानंतर मास्तर प्रत्येक वर्गाची सुरुवात एकाच वाक्याने करतात. "ही गोष्ट मला माझ्या मुलाच्या गळी उतरवता आली नाही, तुम्ही तरी ऐका." हे वाक्य मी चार उजळणी वर्गांत, तिसऱ्या बाकावर बसून ऐकलं. खाली मान घालून.

मास्तर, तुम्ही उद्यापासून येणार नाही. मुलाच्या गळी उतरवता आलं नाही, हे वाक्य घरी घेऊन जाऊ नका, ते खरं नाही.

तुमचा मुलगा नोकरीचे पहिले तीन आठवडे माझ्या हाताखाली होता. पहिल्याच उतारावर त्याने गियर ठेवला. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, "काका, बाबा नको म्हणतात." मी हसलो. म्हटलं, "बाबांचं फळ्यावर ठीक आहे, रस्ता मला विचार." तरी दोन दिवस तो ऐकेना. तिसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्या चालकांसमोर बाबांचं बाळ म्हणून चिडवलं. त्यानंतर त्याने गियर काढला.

अपघाताच्या चौकशीत मला विचारलं, त्याला कुणी असं शिकवलं का? मी नाही म्हणालो. माझी नोकरी होती, पोरं लहान होती. कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

नऊ वर्षं तुम्ही रोज सकाळी मला "आलास का?" विचारलंत, आणि मी "आलो" म्हणालो. मला याची इतकी लाज वाटते की सांगता येत नाही.

अध्यक्ष साहेब, हे कार्यक्रमात बसणारं बोलणं नव्हतं. इतिवृत्तात हवं तर नोंदवा, पुढे जे व्हायचं ते होऊ दे. संयोजकांचे आभार. शब्द इकडचे तिकडे झाले असतील तर सभागृहाने पोटात घालावेत. बाकीची माफी मी मागत नाही, ती मागायला मला तोंड नाही.

वहिनी, मास्तर आत्ता माझ्याकडे बघत नाहीयेत. घरी गेल्यावर त्यांना तुम्ही सांगा. तुमचा मुलगा बापाचं ऐकणारा होता.