आपोआप वळणारी बोट

सेबेस्टियन : ते राहू दे. प्लासिड हरला कसा, ते सांग.

जेनिफर : गेम आहे पप्पा. दोघं खेळले की एक जण हरणारच.

सेबेस्टियन : एक जन नाय, प्लासिडच. काल हरला, आज हरला. त्याची नजर अजून घारीची. जेटीवर बसून लांबची बोट कुनाची ते सांगतो. मला टीव्हीवरचा आकडा पन नीट दिसत नाय. मंग मी जिंकतो कसा?

कॅथरीन : जिंकले तरी यांचं पोट दुखतं. हरले असते तर जेवले नसते.

सेबेस्टियन : तू मधी बोलू नको, कॅथरीन. कुठंतरी पानी मुरतंय.

जेनिफर : काही मुरत नाहीये. प्लासिड अंकलना रिमोट पकडायची सवय नाही, बस.

सेबेस्टियन : मला तरी कुठं सवय? उभ्या जन्मात सुकानूचा दांडा धरला, ही बोटभर दांडी कधी नाय. मला वाटतं, तो मुद्दाम हरतो.

कॅथरीन : मुद्दाम कशाला हरेल? जाताना तोंड बघितलं का त्याचं? चहा पन अर्धा टाकून गेला.

सेबेस्टियन : त्याच्या पोराला आपल्या बोटीवर यायचंय. सीझन उघडायला आला. तांडेलाला, म्हंजे मला, खूश ठेवायचं, मंग हळूच विषय काढायचा.

कॅथरीन : देवा. लहानपनापासूनचा दोस्त तुमचा. मासळीबाजारात बसून मी जेवढा संशय घेत नाय, तेवढा तुमी घरात बसून घेता.

सेबेस्टियन : घरात बसवलं म्हनून घेतो. जेनी, हे मशीन घरी आनायला कुनी सांगितलं तुला?

जेनिफर : कितीदा सांगू? माझ्या कामाचं आहे. राजोडीच्या रिसॉर्टवर गेमची खोली मी सांभाळते, हो ना? तिथं फक्त कॉलेजची पोरं येतात. त्यांच्या आया, आजी-आजोबा बाहेर खुर्च्या टाकून मोबाईल बघत बसतात. शेठ म्हणाले, जेनिफर, सगळी फॅमिली खेळली पाहिजे. नाहीतर त्या खोलीत मी मसाजच्या खुर्च्या टाकतो.

सेबेस्टियन : आनि तुला?

जेनिफर : मला काय, टाटा बाय-बाय. म्हणून मशीन घरी आणलं. ज्यांनी कधीच गेम खेळला नाही, त्यांना काय आवडतं, कुठं अडतं, ते बघायचंय मला. तुम्ही, मम्मी, प्लासिड अंकल. तुमच्यासारखी माणसं खेळली तर सगळे खेळतील.

कॅथरीन : मी तर सांगितलंच तिला. त्या मशीनला बटनं किती, मोजता येत नाय. मानसाला दोन हात दिलेत देवानं. आनि तो स्वयंपाकाचा खेळ लावला होता, त्यातली बाई मासा शेपटाकडून साफ करते. असं केलं तर बाजारात हसतील तिला.

जेनिफर : हे बघा, हेच लिहून घेतलंय मी. बटणं कमी पाहिजेत, अक्षरं मोठी पाहिजेत. आणि खेळ ओळखीचा पाहिजे. म्हणून तर पप्पांना बोटींची रेस लावून दिली.

सेबेस्टियन : ते शेठचं झालं. रायन काय बोलला?

जेनिफर : रायनचा काय संबंध?

सेबेस्टियन : परवा ओट्यावर तुमी दोघं भाऊ-बहीन कुजबुजत होता. मी आलो तसा तो उठला. म्हातारा खेळात रमला की बोटीवर यायचं नाव घेनार नाय, असं ठरलं ना तुमचं?

कॅथरीन : पोरगा चार घास शांतपने खाऊ शकत नाय या घरात.

सेबेस्टियन : आळशी हाय तो. बाकी सगळं शिकला, पन खाडीत शिरायची वेळ आली की येतो आनि दांड्याला पाठ टेकून बसतो. मी दांडा धरलेला, आनि हा टेकलेला. किती ओरडलो, उठ म्हनून. हसतो नुसता. म्हनून बोट त्याच्या हातात देत नाय मी.

कॅथरीन : दमत असेल. जाळी तोच ओढतो.

सेबेस्टियन : असू दे. जेनी, माझ्याकडं बघ. आज शेवटच्या रेसला मी काय केलं, म्हाईत हाय?

जेनिफर : काय?

सेबेस्टियन : दांडी सोडली. हात मांडीवर ठेवला. प्लासिडला दिसू नये म्हनून वर टॉवेल टाकला.

जेनिफर : पप्पा.

सेबेस्टियन : समोर तो पान्यावर तरंगनारा लाल बोया आला. मी म्हटलं, आता आपटेल. बोट वळली. आपोआप. बोयाला वळसा घालून सरळ झाली आनि जिंकली. तू मागं उभी होतीस, टाळ्या वाजवत होतीस. आता बोल.

कॅथरीन : म्हंजे? हात न लावता?

सेबेस्टियन : हात न लावता. सुकानू सोडल्यावर बोट सरळ जाते, नायतर वाऱ्यावर जाते. शहान्यासारखी वळत नाय. कोनीतरी वळवली.

जेनिफर : ...मशीनने वळवली. त्यात मदत असते. ती चालू केली की कडेला आपटत नाही, वळणावर मशीन थोडं सांभाळून घेतं. ज्याला जमत नाही, त्याच्यापुरती लावता येते.

सेबेस्टियन : माझ्यापुरती लावली.

जेनिफर : हो.

सेबेस्टियन : प्लासिडला नाय.

जेनिफर : त्यांना दिसतं, पप्पा.

कॅथरीन : बरं मंग, झालं की. तो बिचारा मुद्दाम हरत नव्हता. माफी मागा मनातल्या मनात.

सेबेस्टियन : मला न सांगता. माझ्या घरात माझ्या डोळ्यांत धूळ फेकली.

जेनिफर : धूळ नाही हो. सगळीकडे असंच असतं आता. पहिल्याच दिवशी आपटून आपटून हरलेला माणूस परत मशीनला हात लावत नाही.

सेबेस्टियन : समुद्रावर पहिल्या दिवशी मानूस आतडी बाहेर येईपर्यंत ओकतो. दुसऱ्या दिवशी जातोच ना?

जेनिफर : जातो, कारण घरी चूल असते. इथं नाही आला तर काय बिघडतं त्याचं? तो बाहेर खुर्ची टाकून बसतो.

सेबेस्टियन : मदत केली त्याचा राग नाय. सांगितलं नाय, त्याचा हाय.

जेनिफर : बरं, चुकलं. रिसॉर्टवर मी आधी विचारेन. मशीनवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावेन, मदत हवी का म्हणून. तुम्हाला विचारलं असतं तर काय म्हणाला असता?

सेबेस्टियन : नाय म्हटलं असतं.

जेनिफर : आणि?

सेबेस्टियन : आनि काय? बंद कर ती मदत. आता. मी एकटा खेळून बघतो.

जेनिफर : राहू द्या ना पप्पा, उद्या बघू.

सेबेस्टियन : बंद कर.

(रेसचं संगीत सुरू होतं. बोट आपटते, पुन्हा आपटते. मग संगीत थांबतं आणि पंख्याचा आवाज तेवढा उरतो.)

कॅथरीन : खोटा समुद्र तो. त्यात आपटलं तर काय झालं? कुनाची फळी फुटली?

सेबेस्टियन : पहिल्या बोयाला पन पोचलो नाय.

जेनिफर : सवयीने जमेल. मी बोया मोठा करते, रंग बदलते. तसंही करता येतं.

सेबेस्टियन : ही न सांगता मदत लावायची अक्कल तुझी? तू तर लहानपनापासून खोटं बोललीस की लाल होतेस.

जेनिफर : माझीच.

सेबेस्टियन : जेनी.

जेनिफर : ...रायन बोलला. मी त्याला विचारलं, मदत लावू का, पप्पा चिडतील. तो म्हणाला, लाव, पण सांगू नको. त्यांना कळू न देता करता येतं.

सेबेस्टियन : करता येतं. असं बोलला?

जेनिफर : हो.

सेबेस्टियन : त्यानं या मशीनला कधी हात लावलाय?

जेनिफर : नाही. त्याला कुठं वेळ असतो?

सेबेस्टियन : मंग त्याला काय म्हाईत, कळू न देता करता येतं म्हनून?

कॅथरीन : आता पोराच्या शब्दांची सालं काढत बसू नका. मी भात लावते.

सेबेस्टियन : थांब. कॅथरीन, उर्सुलाच्या वाडीतला ताड हाय ना?

कॅथरीन : कुठला ताड?

सेबेस्टियन : तोच, एकटा उंच. माझ्या बापानं दाखवलेला. चर्चचा मनोरा आनि तो ताड एका रेषेत आले की खाडीच्या तोंडाशी खोल पानी. रेष सुटली की बोट वाळूत बसली समजायची. त्याच रेषेनं मी बोट आत आनतो.

कॅथरीन : तो ताड?

सेबेस्टियन : तोच.

कॅथरीन : अहो, तो तर मागच्या वर्षी मे महिन्यात वाऱ्यानं पडला. उर्सुलाच्या कुंपनावर. तिनं त्याचं सरपन केलं. हिवाळाभर तिच्या घरी आंघोळीचं पानी त्यावर तापलं. मी तिला बाजारातून उरलेली टोपलीभर सुंगटं दिली होती, तर तिनं मला चार ढलप्या दिल्या. तुमाला सांगितलं नाय वाटतं मी.

सेबेस्टियन : मागच्या मे महिन्यात. म्हंजे मागचा सीझन उघडायच्या आधी.

कॅथरीन : आधीच. का?

सेबेस्टियन : मी रोज बघितला तो ताड. सगळा सीझन. काळं, उभं, उंच.

जेनिफर : मोबाईलचा टॉवर असेल, पप्पा. तिकडे नवीन झालाय. पण तो बराच बाजूला आहे.

सेबेस्टियन : बाजूला. त्याला मनोऱ्याशी जुळवून बोट आनली असती तर पहिल्याच दिवशी वाळूत रुतली असती.

कॅथरीन : पन रुतली नाय.

सेबेस्टियन : एकदा पन नाय.

जेनिफर : पप्पा, पाणी आणू?

सेबेस्टियन : दांड्याला पाठ टेकून बसायचा. नेमका खाडीच्या तोंडाशी. उघड्या समुद्रात कधी बसला नाय. मी म्हटलं, दांडा आज जड लागतो. मी म्हटलं, भरतीचा जोर असेल. पोराच्या पाठीचा होता.

कॅथरीन : मला काय म्हाईत नव्हतं. शपथ.

सेबेस्टियन : तुला कसं म्हाईत असनार? मला नव्हतं. खलाशांना म्हाईत होतं का, जेनी?

जेनिफर : असेल. रायन त्यांना काय बोलला ते मला माहीत नाही. मला एवढंच म्हणाला, पप्पांच्या हातून बोट काढून घ्यायची हिंमत नाही माझी.

सेबेस्टियन : आनि मी जेटीवर उतरून सगळ्यांसमोर बोलायचो, बघा, डोळे मिटून आनली. ते हसायचे. मला वाटायचं, कौतुकानं हसतात.

कॅथरीन : कौतुकानंच हसत असतील. तुमच्यावर जीव हाय त्यांचा.

सेबेस्टियन : या मशीनची दांडी मी दोन दिवसांत सोडून बघितली. तो दांडा कधी सोडून बघितला नाय. मनात आलंच नाय. सगळ्या गावावर संशय घेतला, माझ्या हातावर घेतला नाय.

कॅथरीन : डोळ्यांच्या डॉक्टरकडं चला म्हनून मी रोझरी घेऊन बसले होते, तेव्हा तुमी म्हनालात, मला मनोरा दिसतो.

सेबेस्टियन : मनोरा दिसतो. मनोरा मोठा हाय.

जेनिफर : सोमवारी जाऊ या. मी सुट्टी घेते.

सेबेस्टियन : जाऊ. रायन कुठं हाय आता?

कॅथरीन : बंदरावर. बोटीला रंग लावतोय. रविवारी फादर येनार बोटींना आशीर्वाद द्यायला. तुमी फादरसमोर दांड्यापाशी उभे राहता ना दरवर्षी, म्हनून तो दांडा आधी रंगवतो म्हनाला.

सेबेस्टियन : हं.

जेनिफर : मी मशीन परत नेऊ का, पप्पा? तुम्हाला त्रास होत असेल तर.

सेबेस्टियन : नको. तुझ्या शेठला सांग, म्हातारी मानसं खेळतील. पन मदतीचं मोठ्या अक्षरांत लिहू नको. तू त्यांच्या शेजारी बस. कडेला आलं की बोल, काका, जरा डावीकडं. शेजारचं मानूस बोललं की राग येत नाय तेवढा. प्लासिडला उद्या बोलव.

जेनिफर : मदत चालू ठेवू?

सेबेस्टियन : ठेव. त्याला सांगून. त्याला पन एकदा टॉवेल टाकून बघू दे.

कॅथरीन : तो आता आठवडाभर येत नाय. रुसलाय.

सेबेस्टियन : येईल. चहा अर्धा राहिलाय त्याचा. जेनी, रायनला चहा द्यायला जानार ना तू?

जेनिफर : हो. काय सांगू त्याला? तुम्हाला कळलं म्हणून?

सेबेस्टियन : नको. त्यानं सगळा सीझन मला कळू दिलं नाय. मी एवढं तरी करू शकतो.

जेनिफर : मग?

सेबेस्टियन : सांग, पप्पांची पाठ धरली हाय. रविवारी फादरसमोर दांडा तू धर. पप्पा बाजूला टेकून बसतील.