मांजरीचं पान

दवाखान्याच्या बाकावर आजोबा नातीला चित्रांच्या पुस्तकातून वजाबाकी शिकवत होते. शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

“तळ्यात मासे किती?”

“पाच.”

“आता पान उलट. मांजर येऊन दोन खाणार.”

“नाही उलटणार!”

“अगं, मग वजाबाकी कशी येणार तुला?”

“येते मला. तीन उरतात.”

“शाब्बास! मग उलट की.”

“येते म्हणून काय खाऊ द्यायचे?”

“आणि मांजर बिचारी उपाशी?”

“तिला दूध काढून दे ना, आबा. पेन्सिल आहे तुझ्या खिशात.”

“आली का पंचाईत! पुस्तक वाचनालयाचं आहे, बाळा.”

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला.

“यावर काढा, आजोबा. आणि वाटी मोठी काढा हं, दोन माशांची भूक आहे तिला.”