गाळ कुठे टाकलात, नलूताई?

(तारापूर एमआयडीसीतली औषधं तपासणारी प्रयोगशाळा. दुपारचे दोन.)

ज्ञानेश्वरी : अहो, इथं चुंबकापाशी छोटी नळी होती, नलूताई. तळाला तपकिरी गाळ होता तिच्या!

नलू : होती ना. साफ केली. वरचं निवळ पाणी हे बघा, दुसऱ्या नळीत अलगद ओतून ठेवलंय. थेंब सांडला नाय.

ज्ञानेश्वरी : आणि गाळ?

नलू : गाळ कोण ठेवतं? आमी गावाला, दातिवऱ्याला, हंड्यातलं पाणी रोज असंच निवळून घेतो.

ज्ञानेश्वरी : अहो, मला गाळच हवा होता! तीन महिने राबलेय मी त्याच्यासाठी. तीन वाजता शिवाजी गाडी घेऊन येतोय, मुंबईच्या यंत्रावर आजचाच नंबर मिळालाय!

नलू : अगं बाय! सोनं होतं काय त्यात?

ज्ञानेश्वरी : प्रथिनांचे तुकडे होते. हजारो तुकड्यांत मोजक्यांनाच फॉस्फेट चिकटलेलं असतं. औषध लागू पडलं का, ते त्यांच्यावरूनच कळतं. तो गाळ म्हणजे बारीक मणी. तेवढेच तुकडे धरून ठेवतात, बाकीचे पाण्यात राहतात.

नलू : म्हणजे जाळंच की.

ज्ञानेश्वरी : हो! आणि तुम्ही मासळीसकट जाळं टाकलंत न् समुद्र जपून ठेवलात!

नलू : बोला, काय बोलायचं ते बोला. पण रडू नका. गाळ ह्या बीकरात हाय. मोरीत ओतायचा राहिलाय अजून.

ज्ञानेश्वरी : बीकरात? आधी काय होतं त्यात?

नलू : काय नाय. तुमच्याच शुद्ध पाण्यानं नळी खंगाळली.

ज्ञानेश्वरी : थांबा, हात लावू नका! तो चुंबक द्या इकडं.

नलू : अगं बया! चालत आला की गाळ! काचेला चिकटला!

ज्ञानेश्वरी : ये रे बाबा, ये... आला. जवळजवळ सगळा आला. वाचले मी, नलूताई!

नलू : मी पण. आता हे निवळ पाणी?

ज्ञानेश्वरी : टाका ते.

नलू : चांगलं फेका, गाळ ठेवा. तुमची तऱ्हाच उलटी. मग नळीवर चिठ्ठी का नाय लावली?

ज्ञानेश्वरी : चुकलं माझं. शिवाजीचा फोन आला, तशीच गेटवर पळाले.

नलू : जेवलात तरी का?

ज्ञानेश्वरी : कुठलं! आता मणी धुऊन वीस मिनिटं इथल्या छोट्या यंत्रात फिरत ठेवायचेत. पण इथून हलायची हिंमत होत नाही.

नलू : जावा, डबा खाऊन या. मी राखण बसते.

ज्ञानेश्वरी : तुम्ही?

नलू : फेकणारी मीच ना? मी हितं गप बसल्यावर कोण फेकणार हाय?